मानवकेंद्री नेतृत्व (कृत्रिम बुद्धिमत्ता कामावर आणताना)

कामाच्या ठिकाणी कृत्रिम बुद्धिमत्ता कोणत्या कामासाठी आणायची, कोणत्या कामापासून लांब ठेवायची आणि तिचा निर्णय कोण फिरवू शकेल, हे ते काम रोज करणाऱ्यांना बरोबर घेऊन ठरवण्याची व्यवस्थापनपद्धती. यंत्रणा विकत घेतल्यावर एखादे प्रशिक्षण शिबिर भरवणे हे यात मोडत नाही. खरेदीपूर्वी कामगारांचे ऐकले गेले का, हीच खरी कसोटी.

या विचाराचे मूळ नॉर्वेत सापडते. सिम्युला या संगणकभाषेच्या दोन निर्मात्यांपैकी एक, क्रिस्टन नीगॉर्ड यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी तेथील लोखंड व धातुकामगार संघटनेबरोबर काम सुरू केले. कारखान्यांत उत्पादनाचे नियोजन संगणकावर जात होते आणि त्याची माहिती व्यवस्थापनाकडेच राहत होती. संशोधकांनी अहवाल लिहून संघटनेला द्यावेत, असे आधी ठरले होते. पण नुसत्या अहवालांनी कामगारांच्या हाती काही लागत नाही, हे लवकरच उमगले आणि प्रकल्पाची दिशाच बदलली. संघटनेच्या स्थानिक शाखांत अभ्यासगट बसले. कामगारांनी आपल्याच कारखान्यातली यंत्रणा तपासून मागण्या स्वतः मांडल्या. प्रकल्पाचे फलित म्हणजे संघटनेने त्यातून केलेली कृती, असे मानले गेले. संशोधनाकडे पाहण्याची ही दृष्टी आजही दुर्मीळ आहे. पुढे १९७५ मध्ये कामगार व मालक महासंघांत संगणकप्रणालींविषयी देशपातळीवरचा करार झाला. या विषयासाठी कामगारांचा वेगळा प्रतिनिधी नेमण्याची प्रथाही पडली.

भारतात याला सर्वांत जवळचा अनुभव बँकांचा आहे. मुंबईस्थित इंडियन बँक्स असोसिएशन (बँकांच्या व्यवस्थापनांची संघटना) आणि कर्मचारी संघटना यांच्यात १९८३, १९८७ व १९९३ मध्ये यांत्रिकीकरण व संगणकीकरणाविषयी करार झाले. यंत्रे कुठे व किती बसवायची, ती चालवणाऱ्यांना कोणता भत्ता द्यायचा, यावर घासाघीस झाली. संघटनांनी प्रगती अडवली, अशी टीका होते. परंतु संगणक आले, आणि वाटाघाटीच्या मार्गाने आले, ही बाब त्या टीकेत झाकली जाते.

जर्मनीत संबंधित कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर, कृत्रिम बुद्धिमत्तेचे मूल्यमापन करायचे असेल तर कामगार परिषदेला, म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडलेल्या प्रतिनिधी मंडळाला, तज्ज्ञाची मदत घेता येते. तज्ज्ञाची गरज वेगळी सिद्ध करावी लागत नाही. अमेरिकेत २०२३ च्या संपानंतर पटकथालेखकांनी करारात अट घालून घेतली की, निर्मितीसंस्था लेखकावर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाची सक्ती करणार नाही. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ताविषयक कायद्याने कामाच्या ठिकाणी कर्मचाऱ्यांच्या भावना ओळखणाऱ्या प्रणालींवर बंदी घातली. वैद्यकीय व सुरक्षेची कारणे तेवढी वगळली.

या पद्धतीचा सर्वांत कच्चा दुवा मानवी देखरेखीचा आहे. यंत्राच्या शिफारशींचा ढीग समोर असला आणि वेळ अपुरा असला, की माणूस न तपासता मंजुरी देऊ लागतो. यंत्रावर गरजेपेक्षा जास्त विसंबण्याच्या या प्रवृत्तीची दखल युरोपीय कायद्यानेही घेतली असून, देखरेख करणाऱ्याला पात्रता, प्रशिक्षण आणि अधिकार असावा, असे बंधन उच्च जोखमीच्या प्रणालींबाबत घातले आहे. अधिकार नुसता कागदावर देऊन भागत नाही. एका प्रकरणाला किती वेळ मिळेल, प्रणाली थांबवण्याची मुभा नेमकी कोणाला आणि यंत्राची शिफारस नाकारल्याची नोंद वार्षिक मूल्यमापनात कर्मचाऱ्याच्या विरोधात जाणार नाही ना, या गोष्टी प्रणाली सुरू होण्याआधी लेखी ठरवाव्या लागतात.