चिलरची जागा (खानदेशातील खाऱ्या पाण्याचे घरगुती मत्स्यालय)

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयातील पाणी थंड राखणारे यंत्र म्हणजे चिलर. ते घरात नेमके कुठे ठेवावे, हा समुद्रकाठच्या गावात सोयीचा प्रश्न असतो. खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत, त्यावर माशांचा जीव अवलंबून असतो. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मधे तापीचे खोरे. एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा ४२ ते ४५ अंशांपर्यंत चढतो. भुसावळच्या उन्हाचा लौकिक तर साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे.

प्रवाळखडकांतल्या माशांना साधारण २४ ते २७ अंश सेल्सिअस पाणी मानवते. पाणी तापले की त्यात विरघळणारा प्राणवायू घटतो: दर हजार भागांत ३५ भाग क्षार असलेल्या पाण्यात तो २५ अंशांना लिटरमागे सुमारे ६.७ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना ६.२. त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढते. स्लॅबच्या घरात रात्री अकरापर्यंत भिंती गरम असतात, त्यामुळे टाकीला रात्रीही उसंत मिळत नाही.

चिलरची रचना घरच्या फ्रिजसारखीच आहे. पंपाने आलेले पाणी टायटॅनियमच्या वेटोळ्यावरून जाते. तांबे खाऱ्या पाण्यात झिजते आणि कोळंबी, शंख यांसारख्या जिवांना विषारी ठरते, म्हणून टायटॅनियम. आतला वायू पाण्याची उष्णता शोषतो, कॉम्प्रेसर ती कंडेन्सरकडे ढकलतो आणि पंखा ती हवेत सोडतो. जागेचा सगळा प्रश्न या शेवटच्या पायरीत आहे. चिलर उष्णता नष्ट करत नाही, ती फक्त टाकीतून उचलून खोलीत टाकतो, वर स्वतःच्या विजेची भर घालतो. पाण्यातून ७०० वॅट उष्णता काढताना यंत्राने ३०० वॅट वीज घेतली, तर मागच्या जाळीतून १,००० वॅट बाहेर पडतात. म्हणजे खोलीत एक हीटरच चालू आहे असे समजावे.

म्हणून टाकीखालचे बंद कपाट ही सर्वांत वाईट जागा, आणि दुर्दैवाने सर्वांत जास्त निवडली जाणारीही तीच. यंत्र दिसत नाही, नळ्या आखूड राहतात. पण फेकलेली गरम हवा तेच पुन्हा आत ओढते, कॉम्प्रेसर थांबतच नाही आणि ऐन मे महिन्यात बंद पडतो. भरीला त्याच कपाटातल्या संपचे, म्हणजे टाकीखाली पाणी गाळण्यासाठी ठेवलेल्या छोट्या टाकीचे, खारे तुषार जाळीवर बसून पत्रे गंजवतात. एसीच्या खोलीत ठेवले तर चिलर सुखात राहतो, पण त्याची उष्णता उपसायला एसीला पुन्हा वीज जाळावी लागते. गच्ची आणि मावळतीकडची गॅलरी यांचा विचारही करू नये. बहुतेक चिलरांची क्षमता खानदेशातल्या मे महिन्याच्या दुपारपेक्षा बऱ्याच थंड हवेत मोजलेली असते. ४३ अंशांची हवा ओढणारे यंत्र तेवढे काम देत नाही.

या प्रदेशातल्या बहुतेक घरांत उन्हाळ्यात वाळ्याचा किंवा लाकडी तंतूंचा कूलर असतो. चिलरच्या जागेचे उत्तर माझ्या मते त्याच्यापासूनच शोधावे. मे महिन्यातली हवा इतकी कोरडी असते की कूलरची हवा बाहेरच्यापेक्षा दहा-बारा अंश थंड येते. मात्र त्यासाठी समोरची खिडकी उघडी ठेवून हवेला वाट द्यावी लागते. चिलर या बाहेर पडण्याच्या वाटेवर, उघड्या खिडकीशी ठेवावा आणि त्याचे गरम तोंड खिडकीकडे करावे. थंड हवा खोली ओलांडून यंत्राकडे येते, त्याची उष्णता घेते आणि बाहेर जाते. कूलरच्या अगदी तोंडाशी मात्र नको: उडणारे थेंब आणि बोअरच्या जड पाण्याचे पांढरे थर जाळीत साचतात. मृग लागला की कूलर निरुपयोगी होतो, पण तोवर बाहेरची हवाही उतरलेली असते.

कूलर नसेल तर उत्तरेकडची, सावलीतली, दोन्ही बाजूंनी मोकळी ओसरी चालते. भिंतीतून नळ्या नेताना त्यांवर एसीच्या नळ्यांना लावतात तो काळा फोम चढवावा. नळी जितकी लांब आणि वळणे जितकी जास्त, तितका पंपाचा जोर मरतो. प्रवाह चिलरवर लिहिलेल्या मर्यादेत राहील असाच पंप घ्यावा. पाणी संपच्या गाळणीनंतर उचलून परत संपमध्येच सोडावे. हवा ओढण्याच्या आणि सोडण्याच्या बाजूंना किमान हातभर जागा मोकळी ठेवावी. खाली रबरी पट्टी, आणि वायरला जमिनीकडे झोल, म्हणजे ओघळणारे पाणी सॉकेटमध्ये शिरत नाही. खाऱ्या पाण्याजवळच्या विजेला अर्थिंग आणि आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवेतच. यात काटकसर करू नये.

स्वयंपाकघर टाळावे, फोडणीचा तेलकट धूर जाळीवर चिकटतो. शेतकऱ्याच्या घरात आणखी एक अडचण असते. भाव वाढेल या आशेने दिवाळीनंतर कापूस घरातच रचलेला असतो आणि त्याचे तंतू उडून कंडेन्सरची जाळी लोकरीसारखी भरून टाकतात. अशा घरात चिलर कापसाच्या खोलीपासून दूर ठेवून जाळी दर पंधरवड्याला मऊ ब्रशने झाडावी, आणि होळीपूर्वी एकदा नीट साफ करून घ्यावी.

जागा बरोबर आहे का, हे साध्या थर्मामीटरने कळते. यंत्र अर्धा तास चालल्यावर थर्मामीटर हवा ओढणाऱ्या जाळीसमोर धरावा, मग खोलीच्या मध्यावर. जाळीसमोरचा आकडा दोन-तीन अंशांनी जास्त भरला, तर गरम हवा परत फिरते आहे. यंत्र वळवावे किंवा हलवावे. ही परीक्षा मे महिन्यातल्या दुपारी तीन वाजता घ्यावी.