डोंगराळ गावांसाठी अ‍ॅडाप्टेशन फंड : पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाचा मार्ग

झरे आटतात, बर्फ उशिरा पडतो आणि लवकर वितळतो, जिथे कधी दरड कोसळली नव्हती तिथेही आता कोसळते. डोंगरात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायची गरज नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आयपीसीसी या हवामान बदलाचा अभ्यास करणाऱ्या समितीच्या २०१९ च्या अहवालानुसार अलीकडच्या काही दशकांत पर्वतीय प्रदेशांचं तापमान दर दहा वर्षांना सुमारे ०.३ अंश सेल्सिअसने वाढलं, तर जगाची सरासरी वाढ सुमारे ०.२ अंश आहे. या बदलाशी जुळवून घेण्याच्या कामांना पैसे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय निधींपैकी अ‍ॅडाप्टेशन फंड, म्हणजे अनुकूलन निधी, हा डोंगरी भागांनी नक्की ओळखून ठेवावा असा आहे. त्याचा अर्ज कसा चालतो ते इथे सांगतो.

या निधीची स्थापना हवामान बदलावरच्या क्योटो या आंतरराष्ट्रीय कराराखाली २००१ मध्ये ठरली. २०१९ पासून तो त्याच विषयावरच्या पॅरिस कराराच्याही कामी येतो. मिळतं ते अनुदान, कर्ज नव्हे. आणि 'तुमचा हिस्सा किती टक्के?' ही अट इथे नाही. अनुकूलनाचा पूर्ण खर्च निधी उचलू शकतो. हातात काहीच नसलेल्या गावासाठी ही फार मोठी सोय आहे.

पात्रता कुणाची?

आधी देशाची. विकसनशील आणि हवामान बदलाची झळ जास्त बसणारे देश पात्र ठरतात. निधीच्या धोरणात अशा देशांचं जे वर्णन आहे, त्यात सखल बेटं, कोरडवाहू प्रदेश आणि पुराचे भाग यांच्यासोबत नाजूक पर्वतीय परिसंस्था असलेले विकसनशील देशही नावानिशी येतात. प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर या तरतुदीचा आधार घ्या. तो तुमचा हक्क आहे.

आता सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो मुद्दा. गाव, बचत गट, सहकारी संस्था किंवा स्थानिक स्वयंसेवी संस्था थेट निधीकडे अर्ज करू शकत नाही. अर्ज जातो तो मान्यताप्राप्त अंमलबजावणी संस्थेमार्फत. या संस्था तीन प्रकारच्या असतात : राष्ट्रीय (भारतात नाबार्ड), प्रादेशिक आणि बहुपक्षीय (संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम म्हणजे यूएनडीपी, जागतिक अन्न कार्यक्रम वगैरे). शक्य असेल तर राष्ट्रीय संस्थेचा रस्ता धरा. पैसा थेट देशातल्या संस्थेकडे येतो, बोलणी आपल्या भाषेत होतात आणि अधिकारी डोंगर चढून येऊ शकतो. तुमची स्थानिक संस्था मग 'कार्यकारी संस्था' म्हणून प्रत्यक्ष काम करते. स्थानिक नेतृत्वाखालील अनुकूलनासाठी निधीची वेगळी खिडकीही, म्हणजे पैसे मिळण्याचा वेगळा मार्गही, आहे. तिच्यात कोणती छोटी कामं घ्यायची हा निर्णय खालच्या पातळीवर सोपवता येतो. अंमलबजावणी संस्थेला पहिल्याच भेटीत या खिडकीबद्दल विचारा.

अर्ज कसा पुढे सरकतो

मान्यताप्राप्त संस्थांची आणि प्रत्येक देशाच्या नियुक्त प्राधिकाऱ्याची (या निधीसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याची) यादी निधीच्या संकेतस्थळावर असते. सुरुवात तिथून करायची. बहुतेक जण आधी संकल्पना टिपण आणि मग पूर्ण प्रस्ताव असा दोन टप्प्यांचा मार्ग घेतात. टिपणासोबत पूर्ण प्रस्ताव तयार करण्याच्या खर्चासाठी छोटं अनुदान मागण्याचीही सोय आहे. सर्वेक्षण आणि गावोगावच्या बैठकांचा खर्च त्यातून निघू शकतो, म्हणून ते मागायला विसरू नका. प्रस्ताव निधीचं सचिवालय तपासतं, मग निधीच्या मंडळाची पुनरावलोकन समिती आणि शेवटी मंडळ निर्णय घेतं. दुरुस्तीसाठी परत आलेला प्रस्ताव म्हणजे नाकारलेला प्रस्ताव नव्हे. शेरे मुद्देसूद असतात. एकेका शेऱ्याला उत्तर लिहून तो पुन्हा पाठवायचा असतो.

कागदपत्रं

नियुक्त प्राधिकाऱ्याचं सहीचं समर्थनपत्र अनिवार्य आहे. सही करणारी व्यक्ती सध्याच्या यादीतलीच आहे ना आणि पत्रातलं प्रकल्पाचं नाव प्रस्तावातल्या नावाशी जुळतं ना, हे स्वतः तपासा. अधिकारी बदलला आणि पत्र जुनंच राहिलं, एवढ्यावर काम अडतं. याशिवाय घटकवार अंदाजपत्रक, निष्पत्तीचा आराखडा (कामातून काय साध्य होईल ते), हप्त्यांचं वेळापत्रक, जोखमींचा तक्ता आणि अंमलबजावणी संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. पर्यावरणीय आणि सामाजिक धोरणाच्या १५ तत्त्वांवर काम तपासल्याची नोंदही हवी. जमिनीचा हक्क, आदिवासी समाजाची संमती, जैवविविधता हे सगळं त्यात येतं. लिंगभाव विश्लेषण, म्हणजे बायका आणि पुरुष यांच्यावर कामाचा वेगवेगळा परिणाम काय होईल याचा अभ्यास, वेगळं करावं लागतं.

पण फाईल तरते किंवा बुडते ती दोन ठिकाणी.

पहिलं ठिकाण म्हणजे हवामानाशी असलेला संबंध. 'गावात पाणीटंचाई आहे, म्हणून टाकी बांधायची' या वाक्यावर पैसे मिळत नाहीत, कारण ती विकासाची मागणी झाली. आता हे वाचा : 'पूर्वी बर्फ हळूहळू वितळून उन्हाळाभर झऱ्याला पाणी पुरवायचा. आता बर्फाऐवजी पाऊस पडतो, पाणी एकदम वाहून जातं आणि पेरणीच्या वेळी झरा कोरडा असतो. म्हणून झऱ्याच्या वरच्या उतारावर चर खणून पाणी मुरवायचं आणि खाली साठवायचं.' टाकी तीच, पण आता काय बदललं, त्याने कुणाचं नुकसान झालं आणि या कामाने ते कसं टळेल, ही साखळी दिसते. तिला जवळच्या हवामान केंद्राच्या नोंदींचा आधार द्या. उंचावर केंद्रं कमी असतात. अशा वेळी झरा कोणत्या महिन्यात आटला याची गावकऱ्यांकडून मिळालेली वर्षवार माहिती तारीख घालून लिहून काढा आणि जोडा.

दुसरं ठिकाण म्हणजे सल्लामसलतीची नोंद. फोटो आणि हजेरीपट एवढंच पुरत नाही. कोण काय म्हणालं आणि त्यामुळे आराखड्यात काय बदललं, हे लिहावं लागतं. बैठक भर दुपारी घेतली की बायका चारा आणि पाणी आणायला गेलेल्या असतात, गुराखी वरच्या कुरणात असतात, आणि रजिस्टरवर राहतात ते चावडीवर बसणारे पुरुष. बायकांच्या सवडीने वेगळी बैठक घ्या, कुरणात जाऊन गुराख्यांना भेटा आणि त्या बैठकीची तारीख वेगळी लिहा. यात केलेला आळस पुढे फार महाग पडतो, कारण चुकीच्या जागी बांधलेला बंधारा परत उचलता येत नाही.

निधीने डोंगरात काय केलं हे पाहायचं असेल तर उत्तर पाकिस्तानातला हिमसरोवर (हिमनदीच्या पाण्याने बनलेलं सरोवर) फुटण्याच्या पुरांविषयीचा प्रकल्प बघा. २०१० मध्ये मंजूर झालेलं हे काम बगरोट आणि बिंदो गोल या खोऱ्यांत झालं आणि धोक्याची पूर्वसूचना हा त्याचा मुख्य भाग होता. पेरूमधल्या अरेकिपा भागातल्या उंच अँडीज वस्त्यांच्या उपजीविकेसाठीही निधीने पैसे दिले आहेत. या प्रकल्पांचे प्रस्ताव संकेतस्थळावर खुले असतात. कोऱ्या नमुन्यापेक्षा असा एक मंजूर प्रस्ताव नीट वाचण्याने जास्त समजतं.

मंजुरीनंतर पैसे हप्त्यांनी येतात आणि दरवर्षी प्रगती अहवाल द्यावा लागतो. कामाने नुकसान होतंय असं वाटलं तर गावकऱ्यांना तक्रार करण्याची व्यवस्था प्रकल्पात असणं बंधनकारक आहे. तक्रार कुठे आणि कुणाकडे करायची, हे काम सुरू होण्याआधीच स्थानिक भाषेत गावात लावून घ्या.