कळकाच्या बेटाचे काटे: खानापूर–हल्याळ पट्ट्याची पार्श्वभूमी

कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात कणकुंबी-जांबोटीकडून नंदगड-बिडीकडे उतरत गेले की पाऊस झपाट्याने घटतो आणि त्यासोबत वेळूची जातही बदलते. ओढ्या-नद्यांच्या काठी, खोल ओलसर मातीत काटेरी कळक (बांबुसा बांबोस) असतो. उताराच्या मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीत जवळजवळ भरीव काठीचा डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस येतो. बिनकाट्याचा माणगा मुख्यतः बांधावर, परसात दिसतो. वेळूची बेटे कशाने खचली, हा पुढचा वाद कळकाभोवतीच घडला.

मुंबई इलाख्यात असताना या जंगलात किंमत होती ती सागाला. सागाच्या लागवडीत कळक म्हणजे तण, तो काढून टाकावा, असेच वनाधिकाऱ्यांचे मत होते. 1920 च्या दशकात वेळूच्या लगद्याचा कागद परवडू लागला, 1925 मध्ये त्या उद्योगाला जकातीचे संरक्षण देणारा कायदा झाला, आणि कालचे तण कच्चा माल ठरले. राज्य पुनर्रचनेच्या सुमारास दांडेलीत कागद कारखाना उभा राहिला. कारवार (उत्तर कन्नड) जिल्ह्यातला वेळू त्याला टनामागे दीड रुपया इतक्या नाममात्र दराने मिळाला. सूप, रोवळी, डालगी, कणग्या विणणाऱ्या बुरुडांना मात्र तोच वेळू बाजारभावाने घ्यावा लागे. वेळू आटू लागला तेव्हा आरडाओरडा आधी त्यांनीच केला, आणि त्यांचे म्हणणे बरोबर होते.

बेटे का खचली याची कारणे अनेक दिली गेली: चराई, वणवे, गावकऱ्यांची तोड. 1970 च्या दशकात प्रत्यक्ष बेटे तपासली गेली, तेव्हा बोट बुंध्याच्या साफसफाईवर गेले. कळकाच्या खालच्या पेरांवर बारीक, चिवट फांद्या येतात आणि त्यांना मागे वळलेले काटे असतात. या फांद्या एकमेकींत गुंतून बेटाभोवती माणसाच्या उंचीचे कुंपण तयार होते. तोडणाऱ्याला आत शिरता येत नाही, म्हणून ते आधी साफ करावे असा निर्णय झाला.

त्यामागचा विचार अगदीच पोकळ नव्हता. नव्या काठ्या बेटाच्या कडेला येतात, जुन्या मधोमध राहतात. बाहेरून हाताला लागेल ते तोडले की कोवळ्या काठ्या जातात आणि मध्ये वाळलेल्यांची दाटी होते. बेट एका बाजूने घोड्याच्या नालासारखे उघडून आतल्या तीन वर्षांवरच्या काठ्या काढाव्यात, हा नियम योग्यच आहे. बुंधा मोकळा झाला की कोंबही जास्त येतील, असा हिशेब होता.

तो चुकला, कारण पहिल्या पावसानंतर निघणाऱ्या कोंबाला स्वतःचे काटे नसतात. काठी उंच झाल्यावरच फांद्या फुटतात, आणि तोवर त्याची राखण जुन्या काठ्यांच्या काट्यांनी करायची असते. कुंपण गेले की गुरे, वानरे, साळिंदर आणि रानडुकरे थेट कोंबापर्यंत पोचतात. शेंडा खाल्ला की ती काठी पुन्हा वाढत नाही. पुढच्या वर्षाचा कंद याच वर्षीच्या काठीच्या जोरावर पोसला जातो, त्यामुळे एका पावसाळ्याची हानी दोन-तीन वर्षे पुरते. गावकरी काट्यांच्या वरून, डोक्याच्या उंचीवर काठी तोडत आणि बुंधा तसाच ठेवत. वनखात्याच्या लेखी ही नासाडी होती, कारण खालचा जाड भाग वाया जातो. खरे तर बेट टिकले ते याच तोडीमुळे. वजनावर मजुरी मिळणाऱ्या ठेकेदारी टोळीकडून असा संयम कोण अपेक्षिणार?

जवळची बेटे संपली तसा कारखाना लांबचा वेळू आणि पुढे निलगिरीकडे वळला. संपलेली बेटे पुन्हा उभी करण्यात कळकाचा स्वभाव आडवा येतो. कित्येक दशकांनी एकाच वेळी फुलोरा येतो आणि बेटच्या बेट वाळते. बी तांदळासारखे असते आणि त्याची उगवणशक्ती फार काळ टिकत नाही. रोपाला तोडण्याजोगी काठी यायला आठ-दहा वर्षे जातात, आणि तोवर चराई व आग दोन्ही रोखावी लागतात.

2006 च्या वनहक्क कायद्याने वेळूला गौण वनोपजात धरले. 2011 मध्ये भीमगड अभयारण्य झाल्याने खानापूरच्या पश्चिमेकडच्या जंगलातली व्यापारी तोड थांबली. भारतीय वन कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा वेळू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला, आणि बांधावरच्या माणग्याला भाव आला.

हद्दीवर कळक लावलेल्यांनी खालच्या काटेरी फांद्या जून ते ऑक्टोबरमध्ये छाटू नयेत. छाटायच्याच तर हिवाळ्यात, एका बाजूने वाट काढण्यापुरत्या, आणि पावसाआधी त्याच काट्या वाटेत टाकून ती बंद करावी. तोड पहिल्या किंवा दुसऱ्या पेराच्या गाठीच्या लगेच वर घ्यावी, म्हणजे खुंटाच्या पोकळीत पाणी साचून कुज लागत नाही. वर्ष-दोन वर्षांच्या कडेच्या काठ्यांना हात लावू नये. पुढचे कोंब त्यांच्याच कंदातून येतात.