याकोब देवदूताशी झुंजला, असं उत्पत्तीत लिहिलंय का?

‘इस्राएली लोकांचा पूर्वज याकोब रात्रभर देवदूताशी झुंजला, असं बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात आहे’ हा समज फार जुना. उत्पत्ती ३२:२४ उघडा. तिथला हिब्रू शब्द ‘ईश’, म्हणजे पुरुष. त्याच अध्यायाच्या सुरुवातीला देवदूत भेटतात, पण तो प्रसंग वेगळा. झुंजीच्या वर्णनात ‘देवदूत’ हा शब्द नाही. उलट ३०व्या वचनात याकोब त्या जागेला पनीएल, म्हणजे ‘देवाचं मुख’, असं नाव देतो, कारण त्याने देवाला समोरासमोर पाहिलं.

मग देवदूत आला कुठून? बायबलमधल्याच होशेय या दुसऱ्या पुस्तकातून, १२:४ मधून. तिथे ‘मलाख’, म्हणजे दूत, असा शब्द आहे. त्यामुळे हा समज निराधार नाही, फक्त पुस्तक चुकलंय. हिब्रू आवृत्तीत पडताळताना दोन्हीकडे वचनाचा क्रमांक एकाने पुढे धरा, नाहीतर भलतीच ओळ हाती येते.