अर्धा कोअर कोणासाठी? खनिज शोधातील जपणुकीच्या नियमांची पार्श्वभूमी

हिऱ्याच्या बिटने जमिनीत भोक पाडून काढलेला कोअर, म्हणजे खडकाचा दंडगोल, फेकू नये, ही अट जुनी आहे. ब्रिटनच्या १९२६ च्या खाण उद्योग कायद्याने शंभर फुटांपेक्षा खोल बोअरहोलची आगाऊ सूचना देणे, नोंदवही ठेवणे आणि कोअर किमान सहा महिने राखणे बंधनकारक केले. सरकारी भूवैज्ञानिकांना तो पाहण्याची आणि त्यातले नमुने नेण्याची मुभा मिळाली. कोळशाच्या दिवसांतला हा कायदा. जमिनीखालची माहिती गोळा व्हावी एवढाच त्याचा रोख होता, कोणाचा दावा पडताळण्याचा नव्हता.

आपल्याकडे १९५७ च्या खाण व खनिज अधिनियमाखाली खनिज संवर्धन व विकास नियम १९५८ मध्ये आले, मग १९८८ आणि २०१७ मध्ये नव्याने लिहिले गेले. कोअर आणि खडकांचे नमुने ओळख, ठिकाण व खोलीनिशी नीट मांडून जपावेत, ही त्यातली मूळ अपेक्षा. पेट्या आणि मांडणीचा तपशील मात्र बऱ्याचदा आयएस ४०७८ या मानकातून घेतला जातो, आणि ते मानक नदीखोरे प्रकल्पांच्या मंडळींचे आहे. कोअर डावीकडून उजवीकडे, वरून खाली, पुस्तकातल्या ओळींसारखा लावायचा. प्रत्येक रन (एका खेपेत खोदून वर काढलेली लांबी) संपतो तिथे खोली लिहिलेला ठोकळा ठेवायचा. कोअर हाती लागला नाही तेवढी लांबी नोंदवायची. शिस्त चांगलीच आहे. पण धरणाच्या पायासाठी कोअर काढणारा भेगा मोजतो. फार तर एखादा तुकडा ताकद तपासायला जातो, बाकीचा अखंड राहतो. खनिजाच्या कोअरमध्ये धातू किती, हे तो दळल्याशिवाय खात्रीने सांगता येत नाही. जपायचा तोच दळायचा, ही ओढाताण इथूनच आली.

तोडगा म्हणून अर्ध्या कोअरची पद्धत रुळली. आधी लॉगिंग (खडकाचे खोलीनिहाय वर्णन), मग कोरडा आणि ओला असे दोन्ही फोटो, मग कोअरच्या लांबीवर रेघ, रेघेवरून हिऱ्याच्या करवतीने काप. नमुन्यासाठी कायम रेघेच्या एकाच बाजूचा भाग घ्यायचा. प्रत्येक तुकड्यागणिक ‘चांगली दिसणारी’ बाजू उचलली की सरासरी फुगते, आणि पेटीत उरलेला अर्धा भाग त्या आकड्याशी कधीच जुळत नाही. छिन्नीने फोडताना शिरेतले खनिज झडते. करवतीच्या पाण्यात मॉलिब्डेनाइटसारखी मऊ खनिजे वाहून जातात. दोन्हींत तोटा आहे, पण करवतीचा कमी.

वाद पुढच्या पायरीला आहे: उरलेल्या अर्ध्याचे काय? एनक्यू या नेहमीच्या मापाच्या कोअरचा व्यास ४७.६ मिलिमीटर. खडकाची घनता २.७ धरली तर एका मीटरचे वजन सुमारे ४.८ किलो. अर्धा प्रयोगशाळेत गेला की पेटीत २.४ किलो राहतात. फेरतपासणीला पाव भाग काढला की १.२ किलो. धातू-निष्कर्षणाच्या चाचणीला तर कित्येक किलो लागतात, आणि तिथे खनिजयुक्त पट्ट्यातला अख्खा कोअर संपतो. सोन्यासारख्या विखुरलेल्या, कणीदार खनिजात पाव कोअर ही तपासणी म्हणायलाही लंगडी आहे. नमुना लहान, एखादा कण आला की आकडा उसळतो, नाही आला की शून्य.

याच मुद्द्यावर १९९७ मध्ये जगभर गदारोळ झाला. इंडोनेशियातल्या बुसांग इथे एका कॅनेडियन कंपनीने अर्धा कोअर न राखता जवळपास सगळाच दळला. सोने जाडसर असल्याने मोठा नमुना हवा, हे त्यामागचे कारण ऐकायला शास्त्रीय होते. दळलेल्या नमुन्यांत बाहेरचे सोने मिसळले होते. ताडून पाहायला अर्धा भागच नसल्याने संशय पक्का व्हायला स्वतंत्र बोअरहोल घ्यावी लागली. त्यानंतर कॅनडाने २००१ मध्ये खनिज कंपन्यांनी माहिती जाहीर करण्याचे कडक नियम आणले. ऑस्ट्रेलियाच्या अहवाल संहितेची २०१२ ची आवृत्ती नमुना पाव, अर्धा की पूर्ण कोअरचा, हे थेट विचारते.

भारतात या प्रश्नाला धार आली ती २०१५ मध्ये, लिलाव सुरू झाल्यावर. त्याआधी शोध घेणारा आणि खाणपट्टा, म्हणजे खाणकामाचा हक्क, मिळवणारा बहुधा एकच असे, कोअर त्याच्याच शेडमध्ये. आता खाणपट्ट्याच्या लिलावाआधी साधारण जी-२ पातळीचे (जी-४ हा प्राथमिक, जी-१ हा सविस्तर टप्पा) अन्वेषण बहुतेकदा सरकारी यंत्रणा करतात आणि बोली लावणारा परका असतो. त्याच्या दृष्टीने पेटीतला अर्धा कोअर हा एकमेव साक्षीदार. नियम मात्र जपणुकीच्या भाषेतच राहिले. किती वापरावा, कोणाच्या परवानगीने, यावर ते फारसे बोलत नाहीत. आमच्या मते खनिजयुक्त पट्ट्याचा शेवटचा पाव भाग लेखी संमतीशिवाय कोणालाही देऊ नये, मग तो बोलीदार कितीही मोठा असो.

साठवण हा वेगळाच त्रास. हजार मीटर एनक्यू म्हणजे पाच-पाच मीटरच्या दोनशे पेट्या आणि नुसता कोअरच पावणेपाच टनांवर. जागा संपली की खनिज न सापडलेल्या भागातला प्रत्येक मीटरमागे एक तुकडा राखून बाकी टाकला जातो. पुढे वेगळ्याच खनिजासाठी तोच भाग हवा असतो, हे लिथियमच्या शोधाने अनेकांना उमगले. लाकडी पेट्यांना वाळवी लागते, मार्करची शाई उन्हात उडते. म्हणून ठोकून उमटवलेली ॲल्युमिनियमची पट्टी हवी. पायराइट, विशेषतः पायरोटाइट ही लोह-गंधकाची खनिजे असलेला कोअर पावसाळी दमटपणात ऑक्सिडाइज होऊन भुगा होतो, त्यातले आम्ल खिळे खाते. असा कोअर बंद, कोरड्या जागीच हवा.

डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय भूविज्ञान माहिती-भांडार खुले झाले. लॉग, नकाशे, परीक्षणाचे आकडे आता संगणकावर मिळतात. कोअर जिथे होता तिथेच आहे. म्हणून कोअरचा ताबा घेणाऱ्याने पेट्यांची संख्या लॉगशी ताडावी, ठोकळ्यांवरची खोली रनच्या नोंदीशी जुळवावी, आणि नमुना-क्रमांकाच्या प्रत्येक पट्ट्यात अर्धा भाग खरोखर आहे का ते पेटी उघडून पाहावे. प्रयोगशाळेतून परतलेली भुकटी व दळणाचा उरलेला भागही यादीत मागावा. तो कोअरइतकाच कामाचा असतो आणि सर्वांत आधी हरवतो.