शुगरचा पाय आणि दाबातला ऑक्सिजन

शुगरवाल्या माणसाला चप्पल लागली तरी कळत नाही, पाय बधिर झालेला असतो, मग फोड येतो, फुटतो, चिघळतो आणि मोज्याला डाग दिसला की घरात धावपळ सुरू. अशात कोणीतरी सांगतं, ते ऑक्सिजनच्या चेंबरमध्ये झोपवतात ना, ते करून बघा.

आता ऑक्सिजनच द्यायचा तर मास्क लावा की, चेंबर कशाला? तर रक्तातलं ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन साध्या हवेतच ९७-९८ टक्के भरलेलं असतं, म्हणजे एसटी आधीच फुल्ल, स्टॉपवर कितीही पॅसेंजर उभे करा. मग उरतं रक्तातलं पाणी, म्हणजे प्लाझ्मा. त्यात ऑक्सिजन विरघळवायचा तर दाब लागतो, गोटी सोड्यात गॅस दाबून भरतात तसं. साध्या हवेत १०० मिली रक्तात जेमतेम ०.३ मिली विरघळतो, नेहमीच्या हवेच्या तिप्पट दाबात शुद्ध ऑक्सिजन घेतला तर ६ मिलीच्या आसपास! १९६० साली ॲमस्टरडॅमच्या बुरेमा नावाच्या सर्जननी डुकरांचं जवळपास सगळं रक्त काढून प्लाझ्मासारखं द्रव भरलं आणि ती डुकरं दाबाखाली जगवून दाखवली.

पायाच्या जखमेसाठी साधारण २ ते २.५ पट दाब, दीड-दोन तास, आठवड्याला ५ दिवस, असे ३०-४० वेळा. ऑक्सिजन मिळाला की पांढऱ्या पेशी जंतू मारतात, जखम भरून काढणारं कोलॅजन बनतं, नव्या बारीक रक्तवाहिन्या तयार होतात. कान मात्र घाटात बसतात तसे बसतात, शुगरही खाली येऊ शकते म्हणून आत जायच्या आधी तपासतात. आणि मोबाइल, लायटर, अंगाला तेल, काही चालत नाही, उगाच कटकट नाहीये ती, १९९७ मध्ये मिलानला एका चेंबरला आग लागून ११ जण गेले.

बरं, उपयोग होतो का? स्वीडनमध्ये ९४ पेशंटवर ट्रायल झाली, निम्म्यांना खोटा चेंबर (दाब होता पण साधी हवा), तर वर्षभरात खऱ्या गटात ५२ टक्के जखमा पूर्ण भरल्या, खोट्यात २९. हे २०१० चं. पण २०१६ ला कॅनडात आणि २०१८ ला नेदरलँड्समध्ये पाय वाचवण्यात ठळक फरक दिसलाच नाही, आणि डच ट्रायलमध्ये तर बऱ्याच जणांना कोर्सच पुरा करता आला नाही, आजारी माणसाने रोज एवढं जायचं म्हणजे चेष्टा आहे का.

मला विचाराल तर चेंबर जोडीला ठीक, आधी नाही. पायाची मोठी रक्तवाहिनीच तुंबलेली असेल तर ते ऑक्सिजनवालं रक्त जखमेपर्यंत पोचणार कसं, ती आधी मोकळी करावी लागते, मेलेलं मांस काढावं लागतं, इन्फेक्शन आणि शुगर आवरावी लागते. आणि जखमेवर वजन पडू द्यायचं नाही, त्यासाठी गुडघ्यापर्यंतचं एक प्लास्टर असतं, ते मात्र पेशंटला नको असतं, म्हणे अंघोळीची पंचाईत होते.