टेरियरच्या छातीभोवती दोन हात

डॉग शोमध्ये पार्सन रसेल टेरियर जातीचा कुत्रा टेबलावर उभा केला की परीक्षक दात बघतो, कान बघतो आणि मग मागून वाकून दोन्ही हात त्याच्या छातीभोवती घालतो. अंगठे वर कण्यावर, बोटं खाली, पुढच्या कोपरांना अगदी लागून. कुत्र्याचे पुढचे पाय जरासे उचलून हलकेच दाबतो. बोटांना बोटं सहज भिडली पाहिजेत. नाही भिडली, तर हा गडी कोल्ह्यामागे बिळात शिरल्यावर अडकून बसणार.

टेरियर या नावातच जमीन आहे, लॅटिनमधला ‘टेरा’. इंग्लंडात फॉक्सहाउंड हे शिकारी कुत्रे कोल्ह्याला पळवायचे, कोल्हा बिळात शिरला की टेरियरला आत सोडायचं. त्याचं काम कोल्ह्याला मारायचं नव्हतं, भुंकून हैराण करून बाहेर काढायचं होतं. अंग बहुतेक पांढरं, म्हणजे धांदलीत हाउंडांनी त्यालाच कोल्हा समजू नये. अशा कुत्र्याचं सौंदर्य कोण बघत बसतो?

बघणारे निघाले. 1859 मध्ये न्यूकॅसलला पहिला संघटित डॉग शो झाला, तो फक्त पॉइंटर आणि सेटर या शिकारी कुत्र्यांचा. पण चारच वर्षांत फॉक्स टेरियरही शोच्या रिंगणात आले. 1873 मध्ये केनेल क्लब, म्हणजे कुत्र्यांच्या जातींना मान्यता देणारी ब्रिटिश संस्था, आणि 1876 मध्ये फॉक्स टेरियर क्लब निघाला. या दुसऱ्या क्लबाने जातीचं मानक, म्हणजे आदर्श कुत्रा कसा असावा ते, लिहून काढलं. आता परीक्षकाच्या हाती कागद आला. पुढे क्रफ्ट्स या डॉग शोसाठी नावारूपाला आलेल्या चार्ल्स क्रफ्टने 1886 मध्ये लंडनला भरवलेला पहिला मोठा शोही निव्वळ टेरियरांचाच होता.

या सगळ्यात मजेशीर माणूस म्हणजे इंग्लंडातल्या डेव्हनचा पाद्री, इंग्रजीत पार्सन, जॉन ऊर्फ जॅक रसेल. 1819 मध्ये, ऑक्सफर्डला शिकत असताना, त्याने एका दूधवाल्याकडून ट्रंप नावाची मादी विकत घेतली. पांढरीशुभ्र, डोळ्यांवर, कानांवर तांबूस डाग आणि शेपटीच्या मुळाशी एक पेनीएवढा ठिपका. त्याच्या कुत्र्यांचा वंश तिच्यापासून. हा पाद्री केनेल क्लबच्या सुरुवातीच्या सभासदांपैकी, 1874 मध्ये क्रिस्टल पॅलेसला फॉक्स टेरियरांचा परीक्षकही होता. पण स्वतःची कुत्री मात्र त्याने शोपासून लांब ठेवली. शोचा कुत्रा आणि आपला कुत्रा यांत बागेतला गुलाब आणि रानगुलाब यांच्याएवढा फरक आहे, असं तो म्हणे. पुढची शंभर वर्षं पाहता त्याची भीती अगदीच खोटी नव्हती. शोच्या फॉक्स टेरियरचं डोकं लांबत गेलं, खांदे सरळ झाले, खरखरीत केसांच्या जातीत मेलेले केस हाताने उपटून अंगाला आकार देणं ही स्वतंत्र कलाच झाली. आणि बक्षिसं? न्यूयॉर्कच्या वेस्टमिन्स्टर शोमध्ये 1907 ते 1909 सलग तीन वर्षं वॉरेन रेमेडी ही गुळगुळीत केसांची फॉक्स टेरियर मादी ‘बेस्ट इन शो’ ठरली. तिथे तीनदा जिंकणारं दुसरं कुत्रं अजून झालेलं नाही.

रसेलच्या वळणाचे टेरियर इतका काळ शिकाऱ्यांकडे आणि तबेल्यांतच राहिले. 1974 मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटनच्या जॅक रसेल क्लबाचा केनेल क्लबच्या मान्यतेला कडाडून विरोध होता: एकदा का रिंगणात गेले की बिळाच्या कामातून गेले. तरी 1990 मध्ये उंच पायांच्या पार्सन रसेलला आणि 2016 मध्ये बुटक्या जॅक रसेललाही मान्यता मिळाली. दरम्यान इंग्लंड-वेल्समध्ये 2005 पासून कुत्र्यांनी कोल्ह्याची शिकार करण्यावर, थोडे अपवाद सोडून, बंदीच आली. मग छाती मापायची कशासाठी, असा प्रश्न तेव्हापासून विचारता येतो.

छाती मात्र अजून मापतातच. माझ्या मते विरोधकांची खरी कमाई तीच. त्यांच्या धाकानेच पार्सनच्या मानकात बीळ शिल्लक राहिलं. अमेरिकन मानकात तर परीक्षकाला बजावलेलं आहे की कामात झालेले जुने व्रण, जखमांच्या खुणा धरून गुण कापू नयेत. चाल बिघडली असेल किंवा कामाला, पैदाशीला अडथळा होत असेल, तरच.